गृहनिर्मित विमानातील वीजतारेची जाडी
गृहनिर्मित विमानातील वीजतारेची जाडी तिच्यातून वाहणारा प्रवाह, तिची लांबी आणि भोवतालचे तापमान यांवरून ठरवली जाते. ती ‘अमेरिकन वायर गेज’ या मापात सांगतात. या मापात क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते, आणि नवखे येथेच फसतात. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या मार्गदर्शिकेनुसार १४ व्होल्टच्या प्रणालीत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी तारेतील दाबघट ०.५ व्होल्टपेक्षा अधिक नसावी. १० अँपिअर प्रवाह ४ मीटर नेताना १६ क्रमांकाची तांब्याची तार ही मर्यादा ओलांडते, १४ क्रमांकाची पाळते. फायबरग्लासचा सांगाडा वीज वाहून नेत नसल्याने तेथे परतीच्या तारेचाही हिशेब करावा लागतो. सर्किट ब्रेकर मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. पीव्हीसीचे आवरण जळताना विषारी धूर सोडते. बंदिस्त कॉकपिटमध्ये तो वैमानिकाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून टेफ्झेलचे आवरण वापरतात.