एका प्रथिनाची चार नावे

देहू येथील एका वृद्ध स्नेह्यांनी आपल्या वैद्यकीय अहवालातील ‘प्रोस्टेट’ या शब्दाचा अर्थ आम्हांस विचारला. ‘पुरःस्थ ग्रंथी’ असे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. पुढे त्या ग्रंथीच्या कर्करोगावरील संशोधन वाचू लागलो, तेव्हा नावांचा प्रश्न इतका सोपा नाही हे ध्यानी आले.

मुंबईस परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेत ए. आर. शेठ व त्यांचे सहकारी मानवी वीर्यद्रवातील एका लहान प्रथिनाचा अभ्यास करीत होते. पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकास ते आवर घालते असे दिसले. अशा रोधक द्रव्यासाठी डी. रॉय मॅकला यांनी १९३२ साली ‘इनहिबिन’ ही संज्ञा योजिली होती. तीच या प्रथिनास लागली. १९८४ साली शेठ यांनी स्वीडनमधील संशोधकांसह त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात ९४ अमिनो आम्ले आहेत. परंतु १९८५ साली बीजकोशातील द्रवातून इनहिबिन वेगळे काढण्यात आले आणि त्याची रचना सर्वस्वी निराळी निघाली. नाव दुसऱ्याचे ठरले!

या प्रथिनास मग ‘बीटा-इनहिबिन’, ‘बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन’, ‘पीएसपी-९४’ अशीही नावे मिळाली. शेवटचे नाव केवळ उगमस्थान, स्राव आणि संख्या सांगते, कार्याविषयी कोणताही दावा करीत नाही. आमच्या मते ते सर्वांत प्रामाणिक होय. तथापि जुने नाव सहजी सुटले नाही. कर्कपेशींच्या वाढीवर या प्रथिनाचा काय परिणाम होतो हे तपासणाऱ्या, शेठ सहलेखक असलेल्या १९९३ च्या निबंधाच्या शीर्षकातही ‘इनहिबिन’ आहेच.

पुढे कॅनडातील प्रोसायन या कंपनीने या शृंखलेतील ३१ ते ४५ एवढाच तुकडा घेऊन पीसीके-३१४५ हे पंधरा अमिनो आम्लांचे पेप्टाइड सिद्ध केले. रुग्णांवर त्याच्या प्राथमिक चाचण्या झाल्या. मान्यताप्राप्त औषध मात्र ते झाले नाही.

दोन प्रथिने जेथे एकमेकांस भिडतात तो पृष्ठभाग बहुधा विस्तृत व सपाट असतो. लहान रेणूच्या औषधास तेथे पकड मिळत नाही. पेप्टाइड हे प्रथिनाचाच अंश असल्याने त्या स्पर्शस्थानाची नक्कल करू शकते. म्हणूनच, पीएसपी-९४ हे क्रिस्प-३ या प्रथिनाशी बद्ध होते हा २००५ सालचा शोध महत्त्वाचा ठरतो. कर्करोगात पहिले घटते, दुसरे वाढते. या दोहोंची बंधनस्थाने रेखाटणारा निबंध २०१३ साली निघाला, तो परळच्याच संस्थेतून.

आज ‘पीएसपी-९४’ या नावाने सूची चाळणाऱ्या विद्यार्थ्यास हा २०१३ चा निबंध सहज सापडेल. त्याच संस्थेतील आधीचे अनेक निबंध मात्र ‘इनहिबिन’ या सदरात, दुसऱ्याच एका प्रथिनाच्या शेजारी, शोधावे लागतात.