इतिहासातला वाटाणा

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात मुलांना घेऊन जायचे, हा माझा दरसालचा परिपाठ. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची चिमुकली कांस्यमूर्ती दाखवून मी सातवाहनांचा काळ, रोमशी चाललेला व्यापार असे रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक शेतकऱ्याचे पोर म्हणाले, "पर गुरुजी, ती मानसं जेवत काय हुती?"

पोरे हसली. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षे राजांच्या सनावळ्या घोकून घेतल्या. हा साधा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

त्याच सुमारास घरी निराळेच प्रकरण चालू होते. परड्यातला ताजा वाटाणा बारा महिने ताटात असावा, अशी आमच्या मंडळींची हौस. कार्तिकात रात्रभर भिजवलेले दाणे बोटाच्या पेराएवढे खोल टोकले, वेलांना तुराट्यांचा आधार दिला, फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना बेताचे पाणी दिले. दोन-सव्वादोन महिन्यांत शेंगांनी सूप भरले. फुशारून फाल्गुनात पुन्हा पेरणी केली. उन्हाने फुले गळाली. आषाढात पुन्हा पेरला, तर आमच्या कोल्हापुरी पावसाने मुळ्याच कुजल्या.

मास्तर हरले की पुस्तक उघडतात. मीही उघडले, आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गावी सापडले.

ब्रह्मपुरीचे उत्खनन १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी केले. त्याच सांकलियांच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव खणले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. तिथे जळून कोळसा झालेले दाणे मिळाले: जव, गहू, मसूर, कुळीथ आणि आपला वाटाणा! ब्रह्मपुरीच्याही कितीतरी आधी मराठी मातीत वाटाणा रुजला होता.

त्याचे माहेर पश्चिम आशियात. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी गहू-जवाबरोबर त्यालाही माणसाळवले. म्हणून थंडी त्याच्या रक्तात आहे. आपल्याकडे थंडी येते तेव्हा पाऊस परतलेला असतो. इनामगावकरांनी यावर तोड काढली. त्यांनी बांध घातला, मोठा पाट खणला आणि नदीच्या पुराचे पाणी वळवून घेतले. हिवाळी पिकाला पाणी, आणि उरल्या वर्षासाठी कणगीत वाळलेले दाणे, असा त्यांचा बेत होता.

पुरंदरच्या शेतकऱ्याची तोड वेगळी. त्या उंचावरच्या, कमी पावसाच्या तालुक्यात पावसाळी हवा गार असते आणि पाणी साचत नाही. तिथे मृगाच्या पावसावर वाटाणा पेरतात आणि श्रावण-भाद्रपदात शेंगा बाजारात येतात. ऐन सणासुदीला घरात पैसा येतो; पाऊस हुकला तर तोही हुकतो. बारा महिने वाटाणा मिळतो तो असा, गारवा असेल तिथे आणि तेव्हा पेरून. एकाच परड्यात हट्ट धरून नव्हे.

इनामगावचा शेवट मी वर्गात सांगितला. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटले असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत. शेती आखडली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, लोक शेळ्या-मेंढ्यांमागे फिरू लागले. अखेर गाव ओस पडले.

मघाचे ते पोर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे पानी सरलं की गावबी सरतं, गुरुजी."

या वेळी कोणी हसले नाही.

यंदा मी एकदाच पेरणार आहे. भाऊबीज झाली की वाटीभर वाटाणा भिजत घालायचा. त्यातला मूठभर त्या पोराला द्यायचे कबूल केले आहे.