हौशी बिनतारी केंद्राचा परवाना

वाचकहो, आपल्यापैकी जे साठी ओलांडून गेले आहेत त्यांना आठवत असेल, घरात रेडिओ आणला की पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागे. दरसाल फी भरायची आणि पुस्तिकेत तशी नोंद करून घ्यायची. नुसते ऐकायचे, त्यालाही परवाना! ही अट १९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्यातून आली होती. साध्या रेडिओपुरती ती १९८० नंतरच्या दशकात उठली. पण ज्याचे ऐकून भागत नाही, ज्याला स्वतःचे यंत्र जुळवून दूरच्या माणसाशी बोलायचे असते, त्याला परवाना लागतोच. अशा माणसाला हौशी नभोवाणीवाला किंवा ‘हॅम’ म्हणतात. त्याच्या परवान्याची हकिकत मोठी बोधप्रद आहे.

आधी एक साधी शंका. आकाश तर सगळ्यांचे, मग परवाना कशाला? आपल्याकडची पाणंद डोळ्यांपुढे आणा. ती कोणाच्या मालकीची नाही, म्हणूनच तिच्यात कोणी गाडी आडवी लावायची नाही. लागली, तर सगळ्यांचाच ऊस शिवारात अडकतो. लहरींचेही तसेच आहे. एका लहरीवर दोघे एकदम बोलले की तिसऱ्याला दोघांचेही कळत नाही. जहाजे, विमाने, पोलीस, नभोवाणी आणि हौशी मंडळी यांना म्हणूनच वेगवेगळे पट्टे वाटून दिलेले असतात.

परंतु परवान्यामागे एवढे एकच कारण होते असे मात्र समजू नका. परक्या सरकारला दुसरीही एक धास्ती होती. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि हिंदुस्थानातील हौशी केंद्रांचे परवाने बंद झाले. ध्वनिक्षेपणाची यंत्रे सरकारजमा करा, असे हुकूम सुटले. कालपर्यंतचा छंद एका रात्रीत गुन्हा झाला.

आणि मग आला ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’ची घोषणा झाली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. लोकांपर्यंत बातमी पोचवायची कशी? मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त नभोवाणी उभारली. तिचे नाव काँग्रेस रेडिओ. तिचे यंत्र जुळवून देणारे नरिमन प्रिंटर हे पूर्वी हौशी केंद्राचे परवानाधारक होते. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ती बोलू लागली. ४२.३४ मीटर ही तिची लहर, म्हणजे हौशी लोकांच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातलीच! पोलिसांचा माग चुकवीत बिऱ्हाड या इमारतीतून त्या इमारतीत हलत राहिले. १२ नोव्हेंबरला छापा पडला. पुढे प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. उषाताईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली आणि येरवड्यातून त्यांची सुटका १९४६ साली झाली.

आता कोणी शिक्षक विचारतील, “मग उषाताईंनी कायदा मोडला तो वाईट केला का?” मुळीच नाही. ज्या कायद्याने सबंध देशाचे तोंड बांधले होते, तो त्यांनी उघड्या डोळ्यांनी मोडला आणि त्याची शिक्षाही भोगली. पण आपण प्रामाणिकपणे हेही पाहिले पाहिजे, की स्वातंत्र्य आले, परवाना देणारा हात बदलला, तरी १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा पुढे कित्येक दशके तसेच चालू राहिले. त्यांची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संसदेने केला तो २०२३ साली!

मधल्या काळात, १९७८ मध्ये, हौशी सेवेचे स्वतंत्र नियम झाले. त्यांतल्या अटी पाहा. परीक्षा दिल्यावाचून परवाना नाही. बोलताना आपले संकेतनाम सांगायचे. आपल्याकडचे नाव ‘व्हीयू’ने सुरू होते, त्यावरून ऐकणाऱ्याला देश कळतो. प्रत्येक संभाषणाची वहीत नोंद ठेवायची. गाणी लावायची नाहीत, जाहिरात नाही, व्यापार नाही, राजकीय वाद नाही. सांकेतिक गुप्तभाषा नाही. जे बोलायचे ते उघड बोलायचे. आणि तिसऱ्याचा निरोप पोचवायचा नाही. यांतली एखादी अट वाचताना १९४२ ची सावली अजून हलते आहे असे वाटले, तर ते अगदीच चूक नव्हे.

पण याच नियमांत एक अपवाद आहे, तो आपल्या कोल्हापूरकरांनी नीट ध्यानात घ्यावा. पूर, भूकंप, वादळ अशी आपत्ती येऊन नेहमीची दळणवळणाची साधने बंद पडली, तर हौशी केंद्राला दुसऱ्याचा निरोप नेण्याची मुभा दिली आहे. मात्र तो निरोप जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांचा असावा आणि अशाच अधिकाऱ्यांसाठी असावा. ज्या छंदाला एकेकाळी सरकार भीत होते, त्याच्याच दारी अडल्या वेळी सरकारने यावे, अशी ही तजवीज आहे.

तिचा उपयोग झालेला आहे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात हौशी मंडळी धावून गेली. अंदमानात तर वर्षानुवर्षे हौशी केंद्राला मुभाच नव्हती. २००४ च्या डिसेंबरात खास परवानगी घेऊन काही मंडळी पोर्ट ब्लेअरला गेली होती, तोच २६ तारखेला त्सुनामी आली. त्यांच्या यंत्रांवरून तेथील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचली.

आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले, शिरोळ तालुक्यातील गावांना होडीवाचून वाट उरली नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. वीज गेली की मोबाईलचा मनोरा त्याच्या बॅटरीत जीव आहे तोवरच चालतो. हौशी केंद्राला मात्र मोटारीची एक बॅटरी आणि दोन झाडांच्या मध्ये ताणलेली तार पुरते. शिकलेला माणूस तेवढा तेथे आधीपासून हवा. पूर आल्यावर परीक्षा देता येत नाही!

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. १९७८ च्या नियमांत पुढे दुरुस्त्या झाल्या आणि बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षेची वाट खुली झाली. म्हणजे सातवीतला विद्यार्थी! थोडे विजेचे शास्त्र, थोडे नियम, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कट्ट-कडकट्ट. नदीकाठच्या एकेका शाळेतून असा एकेक जण तयार झाला तरी पुष्कळ झाले. त्याला पहिला धडा मात्र हाच द्या, की बोलण्याची कळ दाबण्याआधी लहर मोकळी आहे ना, हे कान देऊन ऐकायचे. कोण जाणे, त्याच वेळी पुरात अडकलेल्या कोणाची हाक त्या लहरीवरून येत असेल.