राणीछाप

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या लोणारच्या घरी एक ठरलेला सोहळा असतो. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते, तिच्यातून माझ्या आजीच्या वेळची पितळी डबी निघते, आणि डबीतून निघतात व्हिक्टोरिया राणीचे सात रुपये. राणीछाप! चिंचेने घासून ते लख्ख करण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत हा मान मी नातीला दिला. ती ट्रंकेत हात घालून चाचपडत होती, तो तिच्या हाती रुपयांऐवजी एक जुनी कॅसेट लागली. धूळ पुसून तिने नाव वाचले आणि डोळे विस्फारून म्हणाली,

"आजोबा, ही दुसरी राणीछाप तुमच्या ट्रंकेत कशी?"

कॅसेटवर नाव होते 'क्वीन'. ती तिथे कशी आली हे मला चांगले ठाऊक होते. १९८६ साली माझ्याच हाताने मी ती तिथे ठेवली होती.

आमचे चिरंजीव त्या वेळी औरंगाबादला अकरावीत होते. सुट्टीत घरी आले तेव्हा पिशवीत पुस्तके दोन आणि कॅसेट एक! सायंकाळी दिवेलागणीला शेजारच्या टेपरेकॉर्डरवर विलायती आरडाओरडा सुरू झाला. मी इतिहासाचा मास्तर, शिस्तीचा भोक्ता. बालगंधर्वांच्या तबकड्यांवर पोसलेला माझा कान. मी उठलो, यंत्र बंद केले, कॅसेट काढून घेतली आणि ट्रंकेत टाकून कुलूप लावले. "बारावी झाल्यावर मिळेल," असे म्हणालो. बारावी झाली, इंजिनिअरिंग झाले, लग्न झाले. त्याने ती कधी मागितली नाही आणि मीही दिली नाही.

नातीने मग माझी शिकवणीच घेतली. "आजोबा, हा गायक तुमच्या महाराष्ट्रात शिकला, माहीत आहे?" मला वाटले, पोरगी थट्टा करते आहे. पण इतिहासाच्या माणसाने ऐकीव गोष्टीवर विसंबू नये आणि ऐकीव म्हणून ती टाकूनही देऊ नये. मी शोध घेऊ लागलो. वर्षभराच्या त्या उद्योगात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

जगाला फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत असलेल्या या गृहस्थाचे खरे नाव फारोख बलसारा. आडनावच सांगते की मूळ गाव गुजरातेतले बलसार, म्हणजे आजचे वलसाड. घराणे पारशी. वडील आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर सरकारी न्यायालयात खजिनदार होते. तिथे ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारोखचा जन्म झाला. आठव्या वर्षी आईबापांनी त्याला आगबोटीत बसवले आणि समुद्रापार शिक्षणाला धाडले. कुठे? तर साताऱ्याच्या डोंगरात, पांचगणीला, सेंट पीटर्स शाळेत!

मी हे वाचले आणि मनाशी तारखा मांडू लागलो. तो पोरगा पांचगणीला आला तेव्हा आमचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यावरचा तो पोरगा आणि लोणारच्या सरोवराकाठचा मी, एका राज्याचे रहिवासी झालो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हाही स्वारी पांचगणीतच होती. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आम्ही इथे प्रभातफेरीत घसा कोरडा करीत होतो, तेव्हा पुढे जगभर गाजणारा गळा इथून काही दिवसांच्या वाटेवर शाळेचा गणवेश घालून फिरत होता, याचे मला अजून नवल वाटते.

पांचगणी म्हणजे सिल्व्हर ओकची झाडे, तांबडी माती, टेबललँडचे पठार आणि जागोजागी वसतिगृहाच्या शाळा. घरापासून हजारो मैलांवर, वर्षा-वर्षाने आईचे तोंड पाहणाऱ्या या मुलाच्या वरच्या जबड्यात चार दात अधिक होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. वर्गमित्र त्याला त्यावरून चिडवीत. मुलांची जात सगळीकडे सारखीच! पण तो टेबल टेनिस उत्तम खेळे, मुष्टियुद्ध करी, चित्रे काढी. आणि ऐकलेली चाल पियानोवर जशीच्या तशी वाजवून दाखवी. मुख्याध्यापकांनी वडिलांना पत्र लिहिले की, थोडी जास्त फी पाठवाल तर मुलाला संगीताची रीतसर शिकवणी देऊ. वडिलांनी पैसे पाठवले. पगारी नोकर माणूस, पण पाठवले. त्या अनामिक मुख्याध्यापकाला इथूनच माझा नमस्कार. मी मुख्याध्यापक असतो तर अशा मुलाच्या बापाला कोणते पत्र लिहिले असते, हे मी इथे सांगत नाही.

१९५८ च्या सुमारास चार मित्रांबरोबर त्याने शाळेत एक वाद्यवृंद काढला. नाव 'द हेक्टिक्स'. क्लिफ रिचर्ड आणि लिट्ल रिचर्ड यांची गाणी ही मुले वाजवीत. गंमत अशी की, गाण्यात पुढे दुसराच असे आणि फारोख पियानोवर मागे. त्यांच्यापैकी ढोल वाजवणारा व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती. डेरिक ब्रँच विलायतेत नट झाला. एका शाळेच्या सभागृहात किती वाटा एकत्र येऊन फुटल्या!

फारोखचा फ्रेडी झाला तोही पांचगणीतच. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, १२ जानेवारी १९६४ ला, तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब चंबूगबाळे आवरून लंडनजवळच्या फेल्टम गावी आले. तिथे पोराने चित्रकलेच्या महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९७० साली दोन नव्या मित्रांबरोबर वाद्यवृंद उभारला. 'क्वीन' हे नाव त्याचेच, बोधचिन्हही त्यानेच काढले. दोघे सिंह राशीचे म्हणून दोन सिंह, एक कर्केचा म्हणून खेकडा, स्वतः कन्या राशीचा म्हणून दोन पऱ्या, आणि सर्वांवर पंख पसरलेला अग्निपक्षी. पत्रिका पाहून बोधचिन्ह काढणारी ही मंडळी मला अगदीच परकी वाटेनात.

ही मंडळी होती तरी कोण? मी समजत होतो, उडाणटप्पू असतील. तर ढोल वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यकाचा विद्यार्थी. १९७१ साली येऊन मिळालेला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, कचऱ्यात सापडलेल्या विद्युत्पट्टीतून ध्वनिवर्धक बनवणारा. आणि गिटारवाला ब्रायन मे? तो तर खगोलशास्त्राचा! याच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे.

ब्रायनला गिटार हवी होती आणि घरी पैसे नव्हते. तेव्हा १९६३ साली बापलेकांनी मिळून ती घरीच करायला घेतली. वडील हॅरोल्ड नक्षे काढणारे, हाताचे कसबी. गिटारीच्या दांड्यासाठी कुणाच्या मोडीत निघालेल्या शंभराहून अधिक वर्षांच्या शेकोटीची महागनी चौकट आणली. लाकडाला भुंग्यांनी पाडलेली छिद्रे आगकाड्यांनी बुजवली. स्वर हेलकावण्याच्या कळीला मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि आईची विणकामाची सुई. दांड्यावरच्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. खर्च अवघा आठ पौंडांच्या आसपास. हेच वाद्य तो आयुष्यभर वाजवीत आला; ३ जून २००२ रोजी राणीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून त्याने वाजवले ते हेच. तारा छेडतो तो नखीने नव्हे, सहा पेन्सांच्या जुन्या नाण्याने. हे नाणे १९८० सालीच चलनातून गेले. म्हणजे तिकडेही राणीछापच!

पण पुढची गोष्ट ऐका. हा मुलगा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आकाशातल्या धुळीवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होता. ग्रहांच्या पट्ट्यात धूमकेतू आणि लघुग्रह यांचा चुरा तरंगत असतो. त्यावर सूर्यप्रकाश पडून पहाटे किंवा संध्याकाळी क्षितिजावर फिकट प्रकाशाचा स्तंभ दिसतो, त्या धुळीचा वेग तो मोजत होता. १९७४ मध्ये प्रबंध अर्धा टाकून तो गाण्यात पडला. ज्या बापाने गिटार घडवायला दोन वर्षे खर्ची घातली होती, तोच बाप रागावला. इतकी विद्या सोडून हे काय? बापलेकांत बोलणे जवळजवळ तुटले. पुढे मुलाने आईबापांना न्यूयॉर्कला नेले, तिथल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो लोकांपुढे त्याचे वादन ऐकल्यावर हॅरोल्डसाहेबांचा राग गेला. इतकी वर्षे इतिहास शिकवताना मी किती राजांच्या बापलेकांची भांडणे सांगितली असतील! हे मात्र वाचून पुस्तक मिटले आणि चहा घ्यायला उठलो.

प्रबंध त्याने सोडला नव्हता. २००७ साली, साठाव्या वर्षी, तो पुरा करून त्याने डॉक्टरेट घेतली. २०१४ मध्ये त्याने काहीजणांबरोबर 'लघुग्रह दिन' सुरू केला. १९०८ साली सैबेरियात तुंगुस्का येथे आकाशात स्फोट होऊन मैलोगणती जंगल आडवे झाले, त्याची ३० जून ही तारीख. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही ती मानली.

आता लोणारकराला लघुग्रहाचे कौतुक कोण सांगणार! आमच्या अंगणापासून चालत गेले की ते भलेमोठे विवर लागते. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आजी सांगे, लवणासुराला विष्णूने इथे मारले, म्हणून पाणी खारे. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याचेच. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे पंडित भांडत राहिले की हा ज्वालामुखी की उल्का. १९७३ साली काचमण्यांचे आणि धक्का बसलेल्या खडकांचे पुरावे छापून आले आणि उल्केचा पक्ष भक्कम झाला. त्याच वर्षी 'क्वीन'ची पहिली तबकडी निघाली! विवराचे वय आम्ही पन्नास हजार वर्षे सांगत असू. नव्या मोजणीने ते पावणेसहा लाखांच्या घरात गेले. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर शहरातले लोक मोटारी भरभरून आले. माझ्या मुलाच्या कॅसेटवरचा गिटारवाला ज्या धुळीचा अभ्यास करीत होता, तिचाच एक थोरला भाऊबंद आमच्या परसात येऊन पडला होता, आणि मी कुलूप लावून बसलो होतो.

गाण्याबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर नात रागावेल. १९७५ सालचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' मी अखेर ऐकले. जवळजवळ सहा मिनिटांचे. इतके लांब गाणे कुणी लावणार नाही असे कंपनीला वाटत होते. ते नऊ आठवडे विलायतेत पहिल्या क्रमांकावर राहिले. हळू सुरू होते, मध्येच संगीत नाटकाचा प्रवेश उभा राहतो, एकेक पात्र भांडू लागते, कुणी 'बिस्मिल्ला' म्हणून हाक देते, मग वादळ, मग शांत. ती सगळी गर्दी तीनच माणसांच्या गळ्यांची आहे. आवाजावर आवाज सुमारे १८० वेळा चढवले, ध्वनिफीत झिजून आरपार दिसू लागली. मला सर्वच आवडले असे म्हणणार नाही. वादळाचा भाग अजून कानाला लागतो. पण नाटक कंपनीचा पडदा वर जाताना पोटात जे होई, ते मधल्या भागात झाले.

१३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानात दुष्काळनिधीसाठी झालेल्या कार्यक्रमाचे चित्रणही नातीने दाखवले. बहात्तर हजार लोक. आणि पांचगणीच्या सभागृहात मागे बसणारा तो दातपुढे मुलगा वीस मिनिटे सर्वांना एका तालात टाळ्या वाजवायला लावतो. त्या जादा दातांमुळेच आवाजाचा पल्ला वाढतो अशी त्याची समजूत होती. पैसा आला तरी त्याने ते काढले नाहीत.

तो 'आपला' होता का? हे मी ठरवू शकलो नाही. त्याने नाव बदलले, पांचगणीबद्दल फारसे बोललाही नाही. पण २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, एड्सने आजारी असल्याचे जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला.

ही तारीख मी लिहिली आणि थांबलो. माझ्या जुन्या पत्रांत चिरंजीवांचे वसतिगृहातून आलेले डिसेंबर १९९१ चे एक पत्र आहे. खर्चाचा हिशेब, तब्येत बरी, आणि शेवटी एक ओळ: ती कॅसेट ज्यांची, तो गायक गेल्या महिन्यात वारला. मी उत्तर पाठवले होते. त्यात परीक्षेच्या फीची चौकशी होती.

यंदा धनत्रयोदशीला चिरंजीव यायचे होते. कॅसेट वाजवायला यंत्र कुठले? शेवटी लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्याकडे एक निघाले. तो म्हणाला, "काहून बाप्पा गुरुजी, आता या वयात बँडमधी भरती होता काय?" मी म्हटले, घ्याल तर होतो.

रात्री जेवणे झाल्यावर मी यंत्र ओटीवर ठेवले, कॅसेट घातली आणि कळ दाबणार, तोच चिरंजीव पुढे झाले. काही बोलले नाहीत. कॅसेट बाहेर काढली, करंगळी घालून सैल झालेली फीत दोन वेढे घट्ट केली आणि उलटी करून पुन्हा बसवली.

"बाबा, ही बाजू आधी," ते म्हणाले. "त्या दिवशी इथपर्यंतच झालं होतं."