आंगणवाडी : एका शब्दाची उपेक्षा

जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें धूळपाटीवर बोटानें अक्षरें गिरवीत. त्या अर्थीं खेळांतून व उघड्यावर शिकविण्याची रीति आपल्याकडे पूर्वापार होतीच, असें प्रतिपादन आमच्या कित्येक संशोधकमित्रांकडून ऐकूं येतें. हें मत आम्हांस मान्य नाहीं. धूळ ही स्वस्त पाटी होती, खेळणें नव्हे. कागद महाग, आणि चुकलेलें अक्षर पुसावयास हाताची एक फेर पुरे, इतकाच तिचा गुण. तीन-चार वर्षांच्या पोरास तर त्या शाळेची पायरीही ठाऊक नसे. आमचें स्वतःचें सारें आयुष्य शब्दरूपें घोकविण्यांत गेलें असल्यामुळें, घोकंपट्टीस खेळ म्हणण्याचा मोह आम्हांस तरी होऊं नये.

खरा पुरावा 'आंगणवाडी' या शब्दांतच आहे. अमरकोशांत अंगण, चत्वर व अजिर हे पर्याय दिले आहेत. 'वाडी' हें संस्कृत वाटिकेचें रूप. जर्मन शिक्षक फ्रेबेल यानें 1840 मध्यें आपल्या बालशाळेस जें नांव दिलें, त्याचा अर्थ 'मुलांची बाग' असाच आहे, व 'बालवाडी' हा शब्द त्याच अर्थाचा. परंतु कोंकणपट्टींत वाडी म्हणजे बागही आणि वस्तीही. 'आंगण' हें पूर्वपद तर सर्वस्वीं येथलें.

तें कां जोडावें लागलें, हें पाहण्यासारखें आहे. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या समवेत काम केलें होतें. 1926 मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरीबाईंनीं 1907 मध्यें रोम येथें सुरू केलेली पद्धति ताराबाईंस अवगत होती. पण तिचीं साधनें महाग, व तीं खोलींत मांडावयाचीं. 1945 मध्यें ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र निघालें, तेव्हां अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, गरिबांचीं मुलें मात्र येईनात. मग बालवाडीच त्यांच्या आंगणांत नेली. शिंपले, बिया, पानें, खडे हीं साधनें झालीं : मोजावयास, निवडावयास, लहानमोठें लावावयास. पुढें कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यानंतर गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणावर शाळा भरूं लागली. तिचें नांव कुरणशाळा. असा व्यवहारांतून घडलेला शब्द कोणा पंडितास सुचला नसता, हें आम्ही संस्कृतज्ञ असूनही कबूल करतों.

ताराबाई 1973 मध्यें वारल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांनीं सुरू झाली, व तिच्या केंद्रांस हेंच नांव मिळालें. आज तें देशभर रूढ आहे. परंतु ऐकणाराच्या डोळ्यांपुढें आहाराचें पातेलें व वजनाचा कांटा येतो, आंगण येत नाहीं. आहाराचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. तरी शब्दाचें अर्धें अंग गळालें आहे, एवढें खरें.

बखरीचें वाळवी लागलेलें पान आपण जिवापाड जपतों. आंगणांतील शिंपल्यांच्या पुरचुंडीस ना मिति, ना लेखकाचें नांव. म्हणून ती कोणी ठेवीत नाहीं. डहाणू-तलासरीकडे ज्यांचें जाणें-येणें आहे, त्यांनीं जुन्या शिक्षिकांच्या घरीं हस्तलिखित गाण्यांच्या वह्या, हजेरीचे कागद व 'शिक्षणपत्रिके'चे सुटे अंक यांची चौकशी पावसाळ्यापूर्वीं करावी. कौलें गळतात.