पहिला पंप

घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हणून शनिवारभर पंपांची माहिती वाचत होतो, तर थेट १८४६ सालात पोचलो! ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले, चक्क सुईदोऱ्याने स्पंजला टाचून. पण लंडनमध्ये समुद्राचं ताजं पाणी रोज कुठून आणणार? मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. अर्धा-पाऊण तास! (आमच्याकडे लाइट गेले की ही ड्यूटी माझी.) पुढे बाईंनी समुद्री शेवाळ आणून प्राणवायूची सोय केली. प्रवाळ जगले, वाढलेही. १८५४ साली फिलिप गॉसच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ केला. गॉसचं नाव सगळीकडे, बाईंचंही अधूनमधून. मी वाचलं त्यात मोलकरणीला मात्र नुसतं 'मोलकरीण'च म्हटलंय.