सोळा पायऱ्या आणि एक दप्तर

सातपुड्यातील तुकईथडचा समुद्राशी संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु मोगलकाळी बुऱ्हाणपूरचे कापड सुरतेच्या बंदरातून दूरदेशी जात असे; समुद्र लांब होता, तरी परका नव्हता. आज तो संगणकाच्या पडद्यावर घरात येतो. मॉरिशसमधील पोर्ट लुई बंदराचे थेट चित्र आम्ही अधूनमधून न्याहाळतो. विषुववृत्ताच्या उत्तरेस आम्ही जितके दूर, दक्षिणेस ते शहर जवळजवळ तितकेच. आमच्याकडे वैशाखवणवा पेटतो, तेव्हा तेथे हिवाळ्याची चाहूल लागते.

चित्रात जहाजे दिसतात, धक्का दिसतो. त्या धक्क्याचा इतिहास मात्र दिसत नाही. १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. पण उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर आधीच उतरले होते. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे करारावर आली. बहुसंख्य भोजपुरी मुलखातील. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

बंदरावरील ‘आप्रवासी घाट’ची मूळ वास्तू अंशतःच उरली आहे, २००६ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. तेथील सोळा पायऱ्या चढून हे लोक नव्या आयुष्यात शिरले. प्रत्येकास क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरील खूण यांची नोंद होई, पुढे छायाचित्रही काढले जाई. कारकुनाच्या कानाला जसे पडले तसे नाव कागदावर उतरले आणि काहींच्या बाबतीत तेच वंशजांचे आडनाव झाले.

सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस येथे थबकावेसे वाटते. मजूर निसटू नये म्हणून ठेवलेली ही नोंदवही! आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन झालेले तेच दप्तर पणतवंडांना मूळ गावाचा पत्ता सांगते. जाचासाठी लिहिलेला कागद आधाराचा झाला, हा काळाचा न्याय म्हणावा.

मॉरिशसमध्ये आज गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. कॅमेरा बंदर दाखवितो. कोण कोठून आले, हे मात्र कोणीतरी लिहून ठेवावे लागते आणि ते जपावेही लागते. आपल्या गावोगावच्या तहसिलींत वाळवीच्या स्वाधीन झालेल्या रुमालांकडे पाहताना एवढे ध्यानी राहिले, तरी पुष्कळ झाले.